छत्री भेट देऊ नये

थायनानमध्ये, देवळामागच्या गल्लीत
माझं लहानसान वस्तूंचं दुकान आहे.
इथल्या कशावाचून कुणाचं काही अडत नाही
तरी लोक येतात, एकमेकांची बाही ओढतात:
अगं, हे बघ.

घडी घातली की स्ट्रॉबेरी होणारी पिशवी.
कपाच्या काठाला लोंबकळत
चहाच्या पुडीचा दोरा धरून बसणारा रबरी माणूस,
चेहरा थेट माझ्या मेव्हण्याचा, तोच आळस.
दुधमाशाच्या आकाराचं कंपासपाऊच,
पोटाला चेन; उघडलं की पेन्सिली आतड्यांसारख्या.
शाळेतल्या मुली त्याच्यावर जीव टाकतात.

मी आधी विचारते: स्वतःला, की द्यायला?
स्वतःला असेल तर खुशाल न्या.
द्यायचं असेल तर जरा थांबा.
घड्याळ नको. घड्याळ दिलं म्हणावं
तर कानाला लागतं, शेवटचं पोचवून आलो.
चारचा संच नको, चारात मरण वाजतं,
म्हणून माझ्याकडे कप तीन नाहीतर पाच.
आणि छत्री तर नकोच.
छत्रीला आम्ही म्हणतो सान
आणि पांगण्यालाही सानच.

पळवाट आहे म्हणा, आईच्या वेळेपासूनची:
घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या हातावर एक डॉलर ठेवायचा.
मग ती भेट राहत नाही, विक्री होते,
आणि विक्रीला कुठला आलाय अपशकुन.

जूनमधल्या एका मंगळवारी ज्वांग शू-फेन आल्या.
लाकडी मुठीची, गडद निळी, आतून ढग छापलेली
आठशे ऐंशीची छत्री उचलली.
द्यायला, म्हणाल्या. नवऱ्याला.
मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी
नवंकोरं ओळखपत्र काउंटरवर उलटं ठेवलं.
मागे जोडीदाराचा रकाना. रिकामा.
तासाभरापूर्वीच झालं, म्हणाल्या,
आता छत्री काय वेगळं करणार?
अठ्ठावीस वर्षं तो माणूस भिजत घरी आला,
आणि मी अठ्ठावीस वर्षं शब्दाला घाबरले.

गुंडाळताना माझ्याकडून कागद दोनदा फाटला.
कार्डावर काय लिहू?
काही नको. पत्ता लिहा, पोचवा.
जाता जाता त्या ओळखपत्रासाठी
एक पातळ पाकीटही घेऊन गेल्या, मोहरीच्या रंगाचं.

आठवड्यानं एक गृहस्थ आले.
हातात छत्री, बाहेर लख्ख ऊन.
कशालाही हात न लावता सगळं पाहत राहिले,
मेव्हण्यापाशी जरा जास्त वेळ.
मग खिशातून एक डॉलर काढून
काउंटरवर ठेवला, बोटानं माझ्याकडे सरकवला.
त्या आल्या तर द्या.
बस्स. खो आडनाव सांगायचंही विसरले,
ते मला पार्सलच्या पावतीवरून कळलं.

नाणं मी गल्ल्यात टाकलं नाही.
मांजराच्या ताटलीत ठेवलं, अंगठ्या ठेवायच्या.
ताटली मग विकता येईना.
तिघीजणी विचारून गेल्या, मी म्हटलं, तडा आहे.

ऑक्टोबरात शू-फेन आल्या,
थंड चहाचा ग्लास अडकवायचा कापडी पट्टा हवा होता.
मी ताटली पुढे केली. कुणी ठेवलं ते सांगितलं.
त्यांनी नाणं उलटंपालटं केलं,
सुटे कमी आल्यासारख्या बघत राहिल्या.
आठशे ऐंशीची होती, म्हणाल्या,
बरीच स्वस्तात गेली.

हसल्या असाव्यात. पाठ माझ्याकडे होती.
मोहरी पाकिटाची चेन वाजली तेवढी ऐकली.
मग एकदम, नेहमीच्या आवाजात:
हा पट्टा हिरव्यात नाही का?

हिरव्यात नव्हता.
मागवलाय.