एकोणतीसशेच्या आसपास

ताळगावच्या पठारावर, तळमजल्याची खोली.
खिडकीला काळा कागद, दारावर लाल दिवा,
आत सुईच्या टोकाएवढा हिरवा किरण
आणि त्याखाली रिवणचा एक दगड.

दगड बाबांनी आणून दिला,
दुधाच्या रिकाम्या पिशवीत, दोन बशी बदलून,
बंद पडलेल्या खाणीच्या कडेवरून.
सत्तावीस वर्षं टिपर हाकला त्यांनी ह्याच मातीतून.
सदरा तीन पाण्यांत धुतला
तरी चौथं पाणी तांबडंच.

कुलासो बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
कोटी प्रकाशकण टाक,
जवळजवळ सगळे गेले तसेच परत येतात,
उंबऱ्यावरूनच वळल्यासारखे, पाणीसुद्धा न घेता.
एखादाच आत टेकतो,
रेणूंच्या थरथरीला आपल्यातलं थोडं देतो
आणि बदललेल्या रंगाने निघतो.
"आपण त्या एकासाठी बसलोय.
बाकीचे गाळून टाक."

यंत्र गाळतं. मी बसते.
हेमॅटाइट दोनशे पंचवीसला, दोनशे ब्याण्णवला,
मग चारशे दहाला जरा बुटकं.
गोएथाइट तीनशे पंच्याऐंशीला.
आमच्या वाड्यावरच्या घरांसारखं पाठ आहे सगळं,
कुठल्या दारात कोण, वीज गेली तरी.
उद्या आपलंही असलं यंत्र तिकडे उतरेल,
कुणीच टिपर न हाकलेल्या तांबड्या मातीवर,
तेव्हा त्याला ओळख पटावी म्हणून
आमच्या खाणीचे दगड आधीच जबानी देऊन ठेवतात.

आणि त्या बुधवारी
एकोणतीसशेच्या आसपास
एक उंचवटा.
रुंद, दुहेरी, न बोलावता आलेला.
कार्बन आणि हायड्रोजन, एकमेकांना ताणणारे.
लोखंडाच्या दगडात ह्यांचं काय काम?
हे असतात तिथे बहुधा कुणीतरी
खाल्लेलं असतं, वाढलेलं असतं, मेलेलं असतं.

पुन्हा मोजलं. तेच.
जागा बदलली, नाही.
अर्धा सेंटिमीटर अलीकडे, पुन्हा होय.
माझे तळवे ओले.
कुलासो बाई चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ गप्प.
मग त्यांनी दगड उचलला, नाकाशी नेला,
एवढ्या महागड्या यंत्राच्या शेजारी,
बाजारात बांगडा हुंगावा तसा,
आणि हसल्या:
"खोबरेल."

बाबा सकाळी डोक्यावर थापतात ते,
गावच्या घाण्यावरचं.
दगड देताना अंगठ्याने पुसला होता त्यांनी,
मला स्वच्छ मिळावा म्हणून.

रात्री फोनवर त्यांनी विचारलं,
"कितें म्हणटा फातर?"
लोखंड आहे म्हणाले.
"तें हांव जाणां."
मग जेवलीस का, पंखा दुरुस्त झाला का.
तेलाचं मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दगड दोनदा ॲसिटोनमध्ये बुडवला,
दिव्याखाली वाळवला.
उंचवटा गेला. रेघ सपाट,
जिथे कुणीच राहत नाही तशी.

वहीत तारीख, वेळ, किरणाची ताकद,
आणि शेवटच्या रकान्यात, नियमाप्रमाणे:
दूषण, सेंद्रिय.
स्रोत, ज्ञात.