पेनी पडते तेव्हा

क्लीथॉर्प्सला, समुद्रात घुसलेल्या लाकडी धक्क्यावर
सेड्रिक स्केल्टन पेनीची यंत्रं दुरुस्त करायचा.
नाणं टाकलं की काचेआडचा खलाशी हसायचा, गदगदा.
कधी नाणं मध्येच अडकायचं.
पोरं यंत्राला बुक्के घालायची.
सेड्रिक म्हणायचा, थांबा. पडेल.

तिकडे कुणाच्या डोक्यात प्रकाश पडत नाही,
पेनी पडते.
उशिरा. खण् करून.

नोव्हेंबरात एनिडनं त्याचे सगळे मोजे रफू केले,
विजेची बिलं कुठल्या डब्यात, ते दाखवलं,
अंडं किती मिनिटं उकडायचं, तेही
दोनदा.
हा आपला मान हलवत बसलेला,
बोटांत कसलीशी स्प्रिंग.

एप्रिलात, तिला पोचवून आल्यावर,
गॅसपाशी उभा होता घड्याळ बघत.
चार मिनिटं, म्हणाली होती.
पाणी खदखदलं
आणि आत कुठंतरी, हिवाळाभर अडकलेलं,
खण्.

अंड्याचा पार दगड झाला.
त्यानं ते तसंच खाल्लं, अळणी.
मीठ कुठं ठेवतेस
हे विचारायचं राहूनच गेलं होतं.