कानोसा

घर विकलं. पैसे अर्धे अर्धे झाले.
पियानो ओदोनने ठेवला, वाजवता येत नसूनही.
माझ्याकडे आली हत्यारांची पेटी, नादकाटा,
आणि अकरा खोकी, त्यातली चार नुसती स्वरलिपीची.
"आता कुठे राहशील?" बहिणीने विचारलं,
जसं बुडापेस्ट म्हणजे एखादं कपाट
आणि मी फक्त खण सांगायचा.

चौतीस वर्षं या शहरात मी लोकांचे पियानो लावले.
वस्त्या मला ठाऊक आहेत त्या अशा :
रोझादोम्बच्या टेकडीवर काळे, लांबलचक,
झाकणावर फुलदाणी. कोणी हात लावत नाही,
तरी वर्षातून दोनदा बोलावतात,
न येणाऱ्या पाहुण्याचं अंथरूण झटकावं तसं.
दुनेच्या काठी ओल. सूर पावसाळी हवेत फुगतात,
हीटर लागले की बसतात, आणि मालकीणबाई
दरवेळी माझ्याकडेच संशयाने बघतात.
अन्यालफोल्ड, म्हणजे देवदूतांची भूमी,
तिथे होते कारखाने. तिथल्या सहाव्या मजल्यावर
एक मुलगी एकच धडा घोटत असायची.
बाप रात्रपाळीचा, दाराआड झोपलेला,
म्हणून तिने तारांवर बापाचेच मोजे अंथरलेले.
मी मोजे काढले, सूर लावले,
मोजे होते तसे परत ठेवले.

एजंट झोम्बोर, वय असेल सव्वीस, बूट नवे.
प्रत्येक घराला तो "शांत" म्हणायचा,
दुकानदार प्रत्येक पावाला "आजचा" म्हणतो तसा.
त्याला मी सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही.
गेल्या फेब्रुवारीपासून
वरचं शेवटचं सप्तक मला फक्त दिसतं.
तारेची थरथर बघते, बोट ठेवते,
इतक्या वर्षांच्या सवयीवर निभावून नेते.
एका गिऱ्हाइकाने पैसे देताना
जरा जास्तच वेळ माझ्याकडे पाहिलं होतं.

बुडाच्या उतारावरचं घर : दोन खोल्या, बाल्कनी, अक्रोडाचं झाड.
झोम्बोरने खिडकी उघडली. "पक्षी ऐका," म्हणाला.
मी मान डोलावली.
पक्षी होते खरे.
त्यांच्या चोची हलत होत्या.
जिना उतरताना मी कठडा घट्ट धरला,
उतार काही इतका नव्हता.

झुग्लोतलं घर बरं होतं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मग योझेफवारोश, तिसरा मजला,
चौकाभोवती लोखंडी सज्जा, सज्जात कुणाच्या तरी कुंड्या
आणि एक सायकल, जिला चाक एकच.
झोम्बोर आधीच माफी मागत होता :
सहा नंबरची ट्राम खालून, रात्रभर, हो, रात्रभर चालू असते,
पण काचा दुहेरी बसवता येतील, आणि सवय होते.
मी भिंतीला तळहात लावून उभी होते.
आली. आधी दगडात, मग मनगटात,
मग कोपरापर्यंत, खालच्या सप्तकातला एक भला लांब सूर,
मला वाटतं थोडा चढा.
जुन्या भाडेकरूचे दोन पेले फडताळात एकमेकांना टेकत होते.
किणकिण असणार. मी तिच्यावर बोट ठेवलं, थांबली.
आणि पायाखाली, फरशीतून, ठक ठक ठक,
"विल्मा नेनी," तो ओशाळून म्हणाला,
"रविवारचं मांस कुटतेय."
भिंतींना कान असतात म्हणतात.
असतील तर मला आता तेवढेच पुरे होते.

पण हे त्याला कशाला कळू देऊ?
मी तोंड वाकडं केलं. म्हटलं, इतका गोंगाट!
माणसाने झोपायचं कसं?
झोम्बोर भाड्यात वीस हजार फोरिंट उतरला.
मी अजून थोडं तोंड वाकडं केलं. पंचवीस.

रात्री खोक्यांच्या मधोमध गादी टाकली.
बहिणीचा फोन आला :
"फार आवाज नाही ना गं तिथे?"
मी म्हटलं, "काय?"
तिने पुन्हा विचारलं.