दुसरं वजन बाकी

साकोलीच्या अलीकडे, राइस मिलच्या फाट्यावर
माझा साठ टनी काटा आहे.
ट्रक चढतो, हिसका देऊन थांबतो,
आकडा स्थिर होतो.
आधी भरलेलं वजन, मग खालीचं वजन,
मधली वजाबाकी तेवढी खरी.
बावीस वर्षं मी ही एकच वजाबाकी करतो आहे.

हर्षलाचा कागद मोबाइलवर आला,
जर्मनीतल्या कुठल्याशा म्हाताऱ्यांच्या दवाखान्याचा.
महिना अठ्ठावीसशे युरो.
मुनीम घोरमारे बोऱ्यांना टेकून ओरडला,
"नव्वदनं गुन ना बे! अडीच लाख होते!"
आणि दोन चहा माझ्या नावावर लिहून गेला.
नागपुरात तिला सोळा हजार,
त्यातूनच खोली, मेस, रात्रपाळीचा ऑटो.

ती म्हणाली, "बाबा, हे ब्रुट्टो हाय. हातात येते थे नेट्टो."
मी म्हटलं, "म्हनजे ग्रॉस अन् नेट. टेअर सांग."
ती हसली, आणि टेअर सांगत गेली:
कर, पेन्शन, आजारपणाचा विमा,
बेकारीचासुद्धा विमा, नोकरी लागायच्या आधीच.
आकडा घसरत एकोणीसशेवर येऊन थरथरला.
मग घरभाडं. तिथं ते दोन प्रकारचं असतं,
थंड भाडं आणि गरम भाडं,
गरम म्हणजे हीटरसकट.
मे महिना होता, काट्याच्या पत्र्यावर पाय ठरत नव्हता,
ऊब विकत घ्यायची गोष्ट मी दोनदा विचारून घेतली.

"तांदूळ काय भाव?" शकुननं आतून विचारलं.
"अडीच युरो किलो."
सव्वादोनशे! चिन्नोरसुद्धा इतका चढत नाही.
"असं गुनू नोका," हर्षला म्हणाली,
"गुनलं का मानूस तिथं चहा बी पीत नाही.
मिनिटात मोजा."

तिनं पावतीबुकाच्या पाठीवर मांडून दाखवलं.
नागपुरात किलोभर तांदूळ म्हणजे चाळीस मिनिटांची नोकरी,
तिथं तेरा मिनिटांची.
केस कापायचे तर तिथं तीन तास,
"वाढवीन मग," ती म्हणाली.
जाऊन-येऊन विमान: नऊ दिवस, उभ्यानं.
मी तो कागद उन्हाकडे धरून पाहिला.
हिशोब बरोबर होता.

पण मी काटेवाला आहे.
डिझेलची टाकी गच्च भरून येणारे पाहिलेत,
एक चाक हळूच काट्याबाहेर ठेवणारे पाहिलेत,
आणि सगळ्यात जुनी लबाडी ही
की भरलेल्या गाडीत ड्रायव्हर बसून असतो
आणि खाली गाडी मोजताना उतरून बिडी ओढतो.
म्हणून एवढंच विचारलं,
"याच्यात ड्रायव्हर धरला हाय का?"
ती बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, "तिथं पोचल्यावर सांगतो."

जायच्या आदल्या रात्री शकुननं
चिन्नोर दोन किलो घातला, काढला, परत एक घातला.
विमान तेवीसच्या वर एक दाणा नेत नाही.
मिल बंद झाल्यावर हर्षला बॅग घेऊन काट्यावर उभी राहिली,
साठ टनाच्या लोखंडावर, चपलेत.
"मोजा."
ती चोपन्न, बॅग तेवीस.
माझा काटा दहा-दहाच्या पायरीनंच बोलतो,
त्यानं ऐंशी दाखवले.
वरचे तीन किलो कोणाचे, ते आम्ही कोणी विचारलं नाही.
गाडी नंबरच्या रकान्यात मी तिचं नाव टाकलं,
पहिलं वजन जमा केलं.

आता दिवाळी होऊन गेली. धानाच्या गाड्यांची रांग
फाट्यापर्यंत जाते.
तिचा फोन रविवारी येतो, ती मिनिटांतच बोलते,
पैसेही येतात, घोरमारे अजून नव्वदनं गुणतो.
आणि रोज रात्री काटा बंद करताना
कॉम्प्युटर मला न चुकता विचारतो:
एका वाहनाचं दुसरं वजन बाकी आहे.
नोंद काढून टाकायची?
मी "नाही" दाबतो,
लाइट घालवतो,
कुलूप लावतो.