टेप

माझा टेप पुन्हा जाग्यावर नाही.
मशीनच्या खणात बॉबिनी, खडूचे तुकडे,
एक मोडकी सुई, आणि गिऱ्हाइकांची मापं
लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहिलेली.
टेप गच्चीवर. तेजलच्या हातात.

सुट्टीतला उपक्रम आहे म्हणे.
रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू,
वाळूत खराट्याचा दांडा, वर छत्तीस इंच,
आणि रोज दुपारी सावलीच्या टोकाला
कोळशाची एक रेघ.
मी म्हटलं, बाराला ये की जेवायला.
तर म्हणते, बाराला कसं, आई?
आपल्या सेलूचे बारा
बारा वाजून वीस मिनिटांनी वाजतात.

वीस एप्रिल, पाच इंच.
एक मे, पावणेतीन.
मध्ये चार दिवस कोरे आहेत,
जिंतूरला मावशीकडं गेलो होतो त्याचे.
तिथं कोरड्या अक्षरात लिहिलंय :
सूर्य होता, मी नव्हते.

याच दिवसांत घर उलटंपालटं.
मोटारी भरायचं यांचं दुकान थंडावतं,
कुलर घेऊन कुणी येत नाही,
आणि माझ्या दारात निळ्या कापडाचे तागे.
यांचा सीझन सरतो तिथं माझा लागतो.
मग हे काजं-बटनं करतात,
गाठ मारताना जीभ बाहेर काढून,
तांब्याच्या तारेला द्यावा तसा दोऱ्याला पीळ देत.

विशूचं वेगळंच.
मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं फाडून
त्याला एक मोठी वही पाहिजे, मशीनवर शिवलेली.
कागदानं सुई बोथट होते रे, बाबा.
काहून? कापडानं नाही होत?
रात्री लाईट आल्यावर शिवून दिली.
कडा वेड्यावाकड्या, काही पानं आखीव, काही चौकटीची,
एकावर कुणाचा तरी अर्धा भागाकार राहून गेलेला.

अठरा मे.
बेचाळीस प्यांटींच्या मोहऱ्या पडलेल्या,
आणि वरून हाक, आई, लवकर, जाते, जाते!
पाय भाजत जिना चढले.
दांड्याला सावली नव्हती.
कुणीतरी कात्रीनं मुळापासून कापून नेल्यासारखी.
आमच्या दोघींच्याही सावल्या
चपलांखाली गोळा होऊन बसलेल्या.
ती डब्याभोवती फिरली,
मी पदर डोक्यावर ओढला आणि म्हटलं,
एवढ्यासाठी बोलावलंस?
पण उतरले नाही लगेच.

त्यानंतर सावली पलीकडं निघाली,
वडाच्या बाजूला होती ती आता टाकीच्या बाजूला.
ऊन तेच. कुलर तसाच घरघरतोय.
पण पोरगी सांगत सुटली
गल्लीभर, दळणाच्या रांगेत, पेपर टाकणाऱ्याला :
उन्हाळा उलटला बरं का.

जूनमध्ये विशूची जुनी प्यांट काढली.
घोट्याच्या वर चढलेली. दुमड उसवली,
आतून कोऱ्या निळ्याची पट्टी निघाली,
एक वर्ष ऊन न लागलेली.
तेजलनं टेप हिसकावून लावला.
पावणेदोन.
सावली त्या दिवशी सव्वादोन होती.
जुळत नाही म्हणून जराशी हिरमुसली,
तरी वहीत लिहिलंच. विशू, पावणेदोन, एका वर्षात.
मी म्हटलं, सावलीच्या वहीत भावाला कशाला?
तर गप्प.

मग शाळा उघडली.
वही बाईंनी बघितली, सही केली, परत दिली.
किती उपक्रम असतील त्यांच्या टेबलावर.
दप्तरातून काढून तिनं ती मशीनवर ठेवली,
आणि दुसऱ्या दिवशी मोज्यांच्या जोडीवरून भांडत
दोघं निघून गेली.

सोळा जून.
टेप जाग्यावर. दुपार रिकामी.
बॉबिन भरता भरता घड्याळ बघितलं,
बारा वाजून चोवीस.
चार मिनिटं जास्त कशाची, ते तिलाच ठाऊक,
पण हल्ली ती तेवढ्याला मोजायची.

वर गेले.
अडीच इंचाला सूतभर कमी.
कोळसा सापडला नाही, खडूनं रेघ मारली.
वहीत लिहिताना तिच्यासारखं अक्षर काढायला गेले,
पाच तेवढा जमला.