वरची तळी

पाणचक्कीचं तिकीट दहा रुपये.
दमयंतीकाकूंनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं
आणि घडी करून पोलक्यात खोचलं,
उधारीची चिठ्ठी खोचतात तसं.

पाचपावलीत तेहतीस वर्षं त्यांची गिरणी होती.
पट्ट्याच्या बाजूचा डावा कान
गिरणीनं ठेवून घेतला.
स्कूटरवर मी जे जे सांगत आलो
ते सगळं हिंगण्याच्या रस्त्यावर सांडत गेलं.

आत गार. वटवाघळांचा वास, आणि नव्या चुन्याचा.
नाल्यातून काढलेला पाट कोरडा,
तळाशी चिप्सची पाकिटं.
चौकीदार मडावी वाकून बॅटरी मारतो:
खाली अंधारात आडवं चाक,
सागाची पाती, एक तुटकं.
"हे फिरे, म्हनून वरतं दगड फिरे."
एवढंच त्याला पाठ. बाकीचं फलकावर,
आणि फलकावरच्या सालातला तिसरा आकडा
पावसानं नेलेला.

काकूंनी चाकाकडे पाहिलंच नाही.
'हात लावू नये' या पाटीवरून हात नेला
आणि दगडाच्या खाचांतून बोट फिरवत राहिल्या,
उसनं दिलेलं भांडं परत आल्यावर
पोचे तपासावेत तसं.

"काऊन रे बाप्पा, हे उलटी काऊन ठेवली?"

मडावीला कळलं नाही. मलाही.

"वरची तळी हाय हे. तोंड खाली पायजे हिचं.
दात आभायाकडं करून कोन दयन दयते?"

मडावी ओशाळला.
"साहेब आलते मागं. म्हने, लोकाईले
नक्षी दिसली पायजे. फोटोत येते."

नक्षी.

दर दोन महिन्यांनी टाकीवाला यायचा,
पोत्यावर बसून दिवसभर ठोकायचा.
काकू नवऱ्याचा चष्मा लावून खाचा मोजायच्या,
मग पहिलं दळण कोंड्याचं, कच निघून जायला,
आणि तरी रात्री कुणी ना कुणी दारात यायचं,
भाकरीत खडा लागला म्हणून.

"चौघं पायजेत अन् एक सब्बल," काकू म्हणाल्या.
मी होतो. सेल्फी काढणारी दोन पोरं
बाह्या सरसावून आलीसुद्धा.
मडावीनं हात जोडले.
"नोकरी जाइन, माई."

काकूंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.
"ऱ्हाऊ दे."

मग कमरेची पिशवी सोडली.
मूठभर गहू, निवडलेला, घरून आणलेला;
मला सांगितलंही नव्हतं.
दगडाच्या तोंडात घास टाकला
आणि उजवा कान खाली नेला.
दाणे पडल्याचा आवाज आला.
पुढचा आला नाही.
तरी त्या वाकलेल्याच होत्या,
पोरं मोबाईल खाली करून गप्प उभी.

निघताना मडावी आपण होऊनच म्हणाला,
"रोज सकाई पाइप मारतो मी हिच्यावर. धूय बसू देत नाही."
खरंच, खाचांमधून पाणी साचलेलं,
एक चिमणी कडेला बसून ते पीत होती.
मागं पाणी हिला फिरवायचं;
आता ही त्याला धरून बसते.

परतीला काकू काही बोलल्या नाहीत.
मीही नाही, मी चुकीच्या कानाशी होतो.
सीताबर्डीच्या सिग्नलला, लाल असताना,
माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाल्या,

"भिजला असन दाना आतापावतर.
आठ रोजानं येऊन पाहू. उगवन."