टेपचं दुसरं टोक

टेपचं दुसरं टोक माझ्या हातात असतं.
साहेब आकडा विचारतात,
मी ओरडून सांगतो.

कोसंबी फाट्यावरचा कडुनिंब:
घेर दोन मीटर नव्वद, उंची अंदाजे,
लाकूड जळाऊ.
फॉर्मात एवढेच रकाने.

मे महिना, दुपारचे बारा.
डांबर चप्पल धरून ठेवतंय.
साहेब सावलीत उभे राहूनच लिहितात.

खोडाला इस्तारीचा आरसा,
त्याचा खिळा झाडानं अर्धा गिळलेला.
"तेरा वर्सं झाले बाप्पा," वस्तरा पुसत तो म्हणतो,
"भाडं नाई मांगितलं कधी."
खुर्चीतला माणूस, एका गालाला साबण,
आमच्याकडं बघत राहतो.

पलीकडं तानाबाईचे दोन माठ, ओल्या पोत्यात.
पाणी फुकट, निंबोळ्या वेचून ठेवलेल्या,
फवारणीवाले नेतात पायलीनं.
तिच्या सुनेला कळा आल्या त्या दिवशी
गाडी दोन तास उशिरा आली.
सून इथंच टेकून बसली होती.
सालीवरची ती जागा तानाबाई हातानं दाखवते,
जणू दुसरं कुणी चुकून तिथंच टेकेल.
नात आता चालते. माठातलं पाणी सांडते.

रस्ता रुंद झाला की गाडी लवकर येईल,
हे साहेबांचं म्हणणं खोटं नाही.
फक्त ती येईस्तोवर टेकायचं कशाला,
ते विचारलेलं नाही कुठं.

मी लाल रंगानं सत्तेचाळीस लिहिलं.
साल खडबडीत, चाराचं पोट फुटलं,
एक ओघळ खाली गेला मुंग्यांच्या वाटेपर्यंत.
मुंग्या थांबल्या, मग वळसा घालून गेल्या.

साहेब जीपमध्ये डबा खायला बसले
तेव्हा मी टेप पुन्हा काढला.
साबणवाल्या माणसाला म्हटलं, धरा जरा.
त्यानं खोडाशी धरलं एक टोक,
मी चालत गेलो उन्हाच्या काठापर्यंत:
सहा मीटर चाळीस.
चपलेचा पुढचा भाग उन्हात, टाच गार.

लिहायला कागद काढला तोवर
काठ सरकला होता.
इस्तारीनं न बोलता खुर्ची त्याच्यामागं ओढली,
तानाबाईनं माठ.
शेळ्या तर आधीच उठून गेल्या होत्या.

पुन्हा मोजलं.
आकडा कुणी विचारला नाही,
म्हणून ओरडलो नाही.